फितूर गुडघा

आप्पा, म्हणजे माझे वडील, जिना चढताना नेहमी डावा पाय आधी टाकायचे. डावा वर, मग उजवा त्याच पायरीवर, पुन्हा डावा वर. लालबागच्या आमच्या चाळीचा जिना लाकडी होता. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून नुसत्या आवाजावरून कळायचं, आप्पा पाळीवरून आले. बाकीच्या गिरणीवाल्यांची पावलं धाडधाड वर यायची. आप्पांची प्रत्येक पायरी दोनदा वाजायची.

कराडकडचे आप्पा अठराव्या वर्षी मुंबईला आले ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम मिळावं म्हणून आणि तालीम मिळावी म्हणून, असं आजी सांगायची. गिरणगावात तेव्हा दोन्ही होतं. घाटावरून आलेला पोरगा गावकऱ्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायचा, खानावळीत जेवायचा आणि पाळी सुटली की लांघ कसून हौद्यात उतरायचा. आमच्या चाळीच्या तळमजल्यालाच तालीम होती. भिंतीवर मारुती, त्याच्या शेजारी खाशाबा जाधवांचा फोटो, आणि खाली तांबडी माती. त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मिसळलेला असायचा. तिचा आंबूस, थंड वास आप्पांच्या अंगाला आंघोळीनंतरही राहायचा. आईला तो आवडत नसे. मला आवडायचा.

१९७५ साली गावच्या जत्रेत आप्पांची शेवटून दुसरी कुस्ती लागली होती. ज्यांनी फड पाहिलेत त्यांना याचा अर्थ कळेल. नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात केलेला माणूस शेवटून दुसऱ्या कुस्तीपर्यंत यायला दहा-बारा वर्षं घासतो. मी पाच वर्षांची होते, चुलत्यांच्या खांद्यावर बसून बघत होते. मला स्वतःला आठवतं ते एवढंच की हलगी वाजत होती आणि आप्पा पडल्यावरही ती थांबली नाही. बाकीचं नंतर ऐकलेलं. पाय मातीत रुतलेला, समोरच्याने आतून आकडी घातली, आप्पांचं अंग फिरलं आणि गुडघा फिरला नाही.

आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप झाला, फळी बांधून झाली. तीन महिन्यांनी सूज उतरली. सरळ चालताना काही नाही, बैठका मारताना काही नाही. आप्पा पुन्हा हौद्यात उतरले, जोडीदाराशी हात मिळवले, अंग वळवलं आणि गुडघा जागेवरून निसटला. परत लेप, परत फळी. पुढच्या वर्षी परत तेच. आप्पा म्हणायचे, "गुडघा फितूर झाला." इतर कुठल्याही अवयवाबद्दल त्यांनी कधी असा शब्द वापरला नाही. किल्ला मजबूत, शिबंदी पोटभर जेवलेली, आणि दरवाजा आतून उघडणारा एक माणूस. त्यांच्या मनात तेच चित्र असावं.

मग त्यांनी कुस्ती सोडली. म्हणजे खेळायची सोडली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणीही सुटली, आणि आप्पा दिवसभर तालमीच्या कट्ट्यावर बसून पोरांना डाव सांगायला लागले. उदास झाले की खाशाबांच्या फोटोकडे बोट करायचे. गोळेश्वरचा हा माणूस १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. १९५२ला हेलसिंकीच्या खर्चासाठी त्याच्या माणसांना दारोदार फिरावं लागलं, आणि तिथून तो बँटमवेट गटाचं कांस्य घेऊन आला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढचं ऑलिम्पिक १९५६चं, मेलबर्नचं. तिथे ते गेले नाहीत. गुडघ्याने दगा दिला होता. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. "खाशाबांचाही गुडघाच," आप्पा म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर त्यांचा तो दिवस निघायचा.

हे सगळं इतक्या वर्षांनी लिहायला बसले याचं कारण माझा भाचा, दादाचा मुलगा.

आप्पा २००९ला गेले तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला पहिला लंगोट त्यांनीच बांधला. पुढे चाळ पाडून टॉवर झाला. तालमीच्या जागेवर आता गाड्या उभ्या राहतात. माती गेली तसा भाचा गादीवर गेला. चिंचपोकळीहून दादर, दादरला गाडी बदलून उपनगरातल्या एका केंद्रात, पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा. मुंबईत कुस्ती कुठे उरली आहे, असं मला अनेक जण विचारतात. नरसिंग यादव कांदिवलीच्या केंद्रात तयार झाला आणि २०११, २०१२, २०१३ असा सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाला, हे त्यांना आठवत नाही. मुंबईची कुस्ती जागा बदलून राहिली आहे, एवढंच. भाचा सत्तर किलोचा. म्हणजे महाराष्ट्र केसरीच्या चांदीच्या गदेशी त्याचा संबंध नाही, ती वरच्या वजनाच्या पैलवानांची. पण त्याच अधिवेशनात प्रत्येक वजनगटाची स्वतंत्र लढत होते, माती विभागात आणि गादी विभागात, आणि सत्तर किलोचं सुवर्ण हे सत्तर किलोच्या पोरासाठी गदेएवढंच असतं. कुमार गटात त्याला एकदा राज्याचं रौप्य मिळालं होतं. ते त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं होतं, बाहेर नाही.

जून २०२३, पहिल्या पावसाचा आठवडा. सरावात जोडीदाराने एकेरी पट घेतला, म्हणजे एक पाय धरून उचलला, भाचा एका पायावर लंगडत फिरून सुटायला गेला, आणि टक असा आवाज आला. गादीबाहेर बसलेल्यांनीही तो ऐकला. तो उठला, चालला, "काही नाही" म्हणाला, लोकलने घरी आला. रात्री गुडघ्याची वाटी दिसेना. दोन दिवसांनी एमआरआय झाला आणि डॉक्टरांनी लिगामेंटचं, म्हणजे गुडघ्यातल्या दोरीचं, नाव घेतलं तेव्हा दादा खुर्चीत बसून राहिला. उजवा गुडघा. आप्पांचाही उजवाच होता.

जुलैत ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या बाजूची स्वतःचीच दोरी काढून, हाडांना भोकं पाडून, तुटलेल्या दोरीच्या जागी ती ओवली. याला ते लोक ग्राफ्ट म्हणतात. शेजारच्या मालवणच्या काकूंना मी ते समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे कलमच की गो. कलम धरूक टायम लागता. तोवर हलवूचा नाय." पुढच्या वर्षभरात अनेक डॉक्टरांकडून मी जे ऐकलं ते काकूंनी त्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

मी नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. दादा-वहिनी कामावर, म्हणून फिजिओकडे त्याला न्यायचं काम माझ्याकडे आलं. आठवड्यातून तीनदा आम्ही त्या मोठ्या हॉलमध्ये बसायचो. गुडघा बदललेल्या आजी, बाईकवरून पडलेला डिलिव्हरीवाला पोरगा, आणि गोकुळाष्टमी झाली तशी थरावरून कोसळलेले गोविंदा. माझ्या भाच्याने आयुष्यात जेवढे जोर काढले असतील तेवढे त्या हॉलमधल्या सगळ्यांनी मिळून काढले नसतील. तरी पहिल्या दिवशी त्याला काय सांगितलं? गुडघ्याखाली नॅपकिनची घडी ठेव आणि ती खाली दाब. दहा आकडे. बस. त्याने दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या, आणि मांडी हललीच नाही. मांडीचा तो स्नायू मेंदूचं ऐकायलाच विसरला होता. फिजिओ मॅडम वयाने लहान, पण आवाज वस्तादाचा. "वाकवायची घाई नको. आधी पूर्ण सरळ होऊ दे," त्या म्हणायच्या. गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर माणूस जन्मभर किंचित लंगडतो आणि मांडी भरत नाही, हे मला तिथे कळलं.

वहिनीने मांडीचं माप लिहायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. दर रविवारी शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्या मोजायच्या, वाटीपासून चार बोटं सोडून. डावी एकावन्न, उजवी सत्तेचाळीस. पुढचा रविवार, उजवी सत्तेचाळीस. पुढचा, सत्तेचाळीस. मग कधीतरी साडेसत्तेचाळीस, आणि त्या दिवशी घरात शिरा झाला.

दर वेळी फिजिओहून आलं की गुडघ्याला बर्फ. फ्रीजमधला पुरायचा नाही. मी बाजारातल्या आमच्या नेहमीच्या कोळणीकडून आणायचे. ती पाटीखालचा जाड बर्फ फोडून पिशवीत द्यायची, पैसे घ्यायची नाही. पंच्यात गुंडाळून पंधरा मिनिटं. घरभर बोंबलाचा वास यायचा आणि कुणी काही बोलायचं नाही.

पैलवानाची एक अडचण असते, ती मला आधी माहीत नव्हती. दुखणं गिळायची त्याला लहानपणापासून सवय लावलेली असते. दुखलं तर सांगायचं नाही, थांबायचं नाही. गुडघ्याच्या बाबतीत ही सवय घात करते. आणि त्याहून वाईट म्हणजे, दीड-दोन महिन्यांनी दुखणं जवळजवळ थांबतं, सूज नसते, माणूस जिन्याने उतरतो, आणि नेमकी तेव्हाच आतली दोरी सगळ्यात कच्ची असते. जुन्या जागेची दोरी नव्या जागी आधी दुर्बळ होते. हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि कित्येक महिन्यांनी ती गुडघ्याची होते. आप्पा तीन महिन्यांनी हौद्यात उतरले होते. त्यांच्या गुडघ्यात तर दोरीच नव्हती.

याच सुमाराला, ऑगस्टमध्ये, बातमी आली. १३ ऑगस्टला सरावात विनेश फोगटचा गुडघा गेला आणि १७ तारखेला तिचं ऑपरेशन झालं, ते आमच्या मुंबईतच. भाचा सहाव्या आठवड्यात होता. त्या दिवशी तो वर्तमानपत्र घेऊन गच्चीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही. रिओला २०१६ साली स्ट्रेचरवरून बाहेर नेलेली विनेश त्याने शाळेत असताना टीव्हीवर पाहिली होती. दोन वर्षांनी तीच विनेश जकार्ताला आशियाई सुवर्ण जिंकली, ते करणारी भारताची पहिली महिला कुस्तीगीर. आता दुसऱ्यांदा. आपल्याच शहरात, आपल्यासारखीच नॅपकिन दाबत असेल, हे त्याला फार मोठं वाटलं. मलाही वाटलं.

फेब्रुवारीत ती जयपूरला राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ऑपरेशनला जेमतेम सहा महिने. त्या रात्री भाचा जेवला नाही. "ती सहा महिन्यांत उतरली आणि मी अजून पायऱ्यांवर उड्या मारतोय," म्हणाला. फिजिओ मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवशी नीट समोर बसवलं. तिच्यामागे रोज किती माणसं उभी असतात ते सांगितलं. तिला ऑलिम्पिकची तारीख होती, तिने विचार करून धोका पत्करला, असं सांगितलं. नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांचे गुडघे पुन्हा फाटायचं प्रमाण किती जास्त असतं तेही सांगितलं. तो थांबला. हे थांबणं मी बघितलंय, म्हणून सांगते, पाचशे बैठकांपेक्षा ते जड होतं.

कुणी इजेतून परतलं की वर्तमानपत्रं 'जिद्दीच्या जोरावर पुनरागमन' असं लिहितात. मला ते वाचवत नाही. जिद्द आप्पांकडे काय कमी होती? दोनदा परतायचा प्रयत्न केला त्यांनी, आठ तास साच्यापुढे उभं राहून, मग तालमीत. त्यांच्याकडे एमआरआय नव्हता, ती दोरी ओवणारा डॉक्टर नव्हता, 'अजून नाही' असं ठणकावणाऱ्या मॅडम नव्हत्या. दादाने पतपेढीतून कर्ज काढलं. केंद्रातल्या पोरांनी वर्गणी काढून त्याच्या खुराकाचे बदाम आणले. माझ्याकडे वेळ होता. वहिनीकडे टेप होती. हे सगळं जमलं म्हणून त्या पोराची जिद्द कामाला आली. ज्यांचं जमत नाही ते पैलवान आज रिक्षा चालवतात, सिक्युरिटीत उभे राहतात, आणि लोक त्यांच्याबद्दल म्हणतात, पोरगा चांगला होता पण टिकला नाही. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं.

एप्रिल २०२४मध्ये त्याला गादीवर जायची परवानगी मिळाली. एका पायावरच्या उड्या मोजल्या, उजवा डाव्याच्या बरोबरीला आला. आम्हाला वाटलं, झालं. महिन्याभराने त्याच्या वस्तादांनी मला बाजूला घेतलं. "ताई, पोरगा उलटा उभा राहतोय."

मला कळेना. त्यांनी दाखवलं. प्रत्येक पैलवानाचा एक पाय पुढे असतो. भाच्याचा जन्मापासून उजवा. आता तो खडाखडीला उभा राहिला की डावा पुढे यायचा आणि उजवा मागे, समोरच्याच्या हाताला लागणार नाही असा. त्याला स्वतःला पत्ताही नव्हता. व्हिडिओ दाखवला तर तो म्हणाला, हे मी नाही. मी तिथे लाकडी बाकावर बसले होते, आणि माझ्या कानात आमचा चाळीचा जिना वाजायला लागला. डावा वर, मग उजवा त्याच पायरीवर.

वस्तादांनी त्यावर काही भाषण दिलं नाही. रोज सरावाच्या शेवटी जोडीदाराला सांगायचे, याच्या उजव्या पायावर पट घे. हळू घे, पण त्याच पायावर. वीस वेळा. पहिल्या आठवड्यात पाय हातात आला की भाच्याचा चेहरा पांढरा पडायचा आणि तो सरळ खाली बसायचा, सोडून द्यायचा. वीसातले वीस गुण समोरच्याला. मग कधी एक वाचवला, कधी दोन. हे जून, जुलै चाललं. बाहेर पाऊस आणि आत वीस, वीस, वीस.

६ ऑगस्टला पॅरिस ऑलिम्पिकमधली विनेशची कुस्ती आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिली. समोर जपानची युई सुसाकी, टोकियोची सुवर्णविजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. शेवटच्या काही सेकंदांपर्यंत विनेश दोन गुणांनी मागे, आणि मग तिने तिला खाली घेतली. ३-२. दादा ओरडला, वहिनी देवापुढे गेली, मालवणच्या काकू धावत आल्या. भाचा ओरडला नाही. तो मोबाईलवर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावत होता आणि तिच्या गुडघ्यांकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅमची बातमी आली. पन्नास किलोला शंभर ग्रॅम जास्त, अंतिम लढतीतून बाद, पदक नाही. घरात सुतक असल्यासारखं झालं. तो संध्याकाळी नेहमीच्या गाडीने सरावाला गेला.

डिसेंबरात राज्य स्पर्धेसाठी निवड चाचणी होती. सत्तर किलो. मी पहिल्यांदाच समोर बसून बघायचं धाडस केलं. आधीच्या लढती त्याने डावा पाय पुढे ठेवूनच काढल्या, सावधपणे, कमी गुणांनी. उपांत्य लढतीत तो ३-४ मागे होता आणि घड्याळात चाळीस-एक सेकंद उरले होते. समोरचा पोरगा हुशार, आता कशाला हल्ला करेल? मागे मागे सरकत होता. आणि भाच्याने उजवा पाय पुढे टाकला. आमिष टाकावं तसा, चांगला हातभर पुढे. माझ्या हातातली पाण्याची बाटली दबून चुरगळली. समोरच्याला राहवलं नाही, त्याने पट घेतला, पाय त्याच्या दोन्ही हातांत आला. भाचा एका पायावर लंगडत फिरला, नेमका त्या जूनमध्ये फिरला होता तसा, कंबर दाबली, पाय मागे झटकला आणि गोल फिरून त्याच्या पाठीवर गेला. दोन गुण. ५-४.

वस्तादांनी फक्त टॉवेल खांद्यावर टाकला.

अंतिम लढत तो हरला. समोरचा पैलवान त्याच्यापेक्षा चांगला होता, दुसऱ्या फेरीतच दहा गुणांचा फरक पडला आणि कुस्ती संपली. चाचणीतून एकच जातो. म्हणजे सुवर्ण राहू दे, राज्य स्पर्धेचं तिकीटही नाही. येताना दादरच्या पुलावर आम्ही गर्दीत चाललो होतो. तो पुढच्या चाचणीपर्यंत दुहेरी पट सोडवण्यावर काम करायचं म्हणत होता. हरलेल्या माणसाच्या आवाजात नाही, कामाच्या आवाजात. मी ऐकत होते. माझं लक्ष त्याच्या पायांकडे होतं.

चिंचपोकळीला उतरल्यावर मी त्याला घरी पाठवलं आणि बाजारात गेले. कोळीण पाटी आवरत होती. तिने काही न विचारता उरलेला बर्फ फोडून दिला. घरी आले तर तो भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, पाय लांब करून. मी पंचा घेतला, बर्फ गुंडाळला, रोजच्यासारखी त्याच्या उजव्या बाजूला बसले आणि गुडघ्यावर ठेवला.

त्याने तो उचलला आणि माझ्या हातात परत दिला.

"आत्या, गुडघा नाही. खांदा दुखतोय."